किंग्जटाउनचे ब्रेनन

ब्रेनन गेल्याची बातमी कापसाच्या जिनच्या पहारेकऱ्याने आणली, तेव्हा मी त्यांच्यासाठीच अंगणात खुर्ची मांडत होतो. त्याला महिना उलटला. एवढ्या अवधीत धुळ्यातील लोकांनी त्यांना इंग्रज ठरवले, आणि थडग्याच्या दगडावर मी कोरवलेले गावाचे नाव पाहून राजनिष्ठही ठरवले. दोन्ही खोटे आहे.

ब्रेनन आयरिश होते. सरकी काढायच्या त्या जिनमधील इंजिने सांभाळायला आले आणि सत्तेचाळीसनंतर, इतर गोरे परतल्यावरही, येथेच राहिले. जन्म डब्लिनजवळच्या बंदरातला. कोळ्यांचे ते गाव मुळात डनलिअरी. इंग्रजांचा राजा तेथून जहाजात चढला, म्हणून त्याचे किंग्जटाउन झाले. पुढे स्वातंत्र्याच्या धामधुमीत आयरिश लोकांनी ती पाटी उतरवून जुने नाव परत आणले. मी बेचाळीसला तुरुंगात गेलेला माणूस. ही हकीकत मी त्यांना पुन्हापुन्हा सांगायला लावी. ते सांगत.

एकदा आमच्या सौभाग्यवतींनी, त्या नरडाण्याकडच्या, चहा देताना आपल्या अहिराणीत विचारले, “मंग गावनं माहेरनं नाव काय शे, भाऊ?”

ब्रेनन खो खो हसले. “माहेरचं डनलिअरी, वहिनी. पण मी वाढलो सासरच्या नावात. आई संध्याकाळी धक्क्यावरून हाक मारायची, ते किंग्जटाउन. पाटी उतरली, बरंच झालं. पण आता तिथं कुणाला ते गाव विचारायचं?”

ही म्हणाली, “मनं नाव बी लगीनमा बदलं. माय गयी, तवयपासून जुनं नाव कोनी लेत नही.”

ब्रेनननी कप पुढे केला, तिने त्यात आणखी चहा ओतला.

दगडावर जन्मगाव कोरायचे ठरले, तेव्हा मंडळी म्हणाली, “वकीलसाहेब, राजासाठी ठेवलेलं नाव तुम्ही लिहिणार? मग तुरुंगात कशाला गेला होतात?” मी ‘किंग्जटाउन, आयर्लंड’ असेच कोरवले. राजाने त्या धक्क्यावर फार तर एक दुपार काढली असेल. ब्रेनननी बालपण काढले. नावावर हक्क कोणाचा, हे टीकाकारांनी सांगावे.

काल दफनभूमीत जाऊन ती ओळ मोठ्याने वाचली. माझे इंग्रजी उच्चार ते हटकून सुधारीत, स्वतःचे समाधान होईपर्यंत. मी थांबलो… मग पुन्हा, जरा सावकाश, वाचली.