जावक क्रमांक ५९८

"पत्र जूनमध्येच गेलंय. डेपोला विचारा," आमदारांचे पीए फोनवर म्हणाले.

डेपोला विचारून झालं होतं. तिथल्या आवक नोंदवहीत असं पत्र नव्हतं. ऑगस्ट उजाडला होता.

प्रश्न संध्याकाळच्या एसटीचा होता. नाशिक रोडहून गावाकडे येणारी सहा-दहाची गाडी बंद पडली होती. गावातल्या लताबाईंची मुलगी कोमल नाशिक रोडला बारावीत. घरात ठरलं होतं, दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली नाही तर कॉलेज बंद. लताबाई आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आल्या आणि मोबाइल पुढे केला. पीएंनी जूनमध्ये पाठवलेला मेसेज होता: 'गाडीसाठी आमदारसाहेबांचे पत्र रवाना. जावक क्र. ६१२.'

"नंबर हाय, पत्र नाय," त्या म्हणाल्या. "आमच्या सोसायटीत बी असंच. टोकन मिळतं, खत नाय मिळत."

त्या पत्राची प्रत मिळावी म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला, थेट आमदारांच्या कार्यालयाकडे.

"आमदार या कायद्यात बसतो का?" संपादकांनी विचारलं.

"बसला तर पत्र मिळेल. नाही बसला तर बातमी."

हा कायदा 'सार्वजनिक प्राधिकरणा'ला लागू होतो, म्हणजे ढोबळमानाने सरकारी कार्यालयाला. विधिमंडळ त्यात येतं. एकटा आमदार येतो का, यावर वाद आहे. हे आमदार स्वतः नगरपालिकेकडे नेमाने माहितीचे अर्ज टाकत. पारदर्शकतेवर ते चांगलं बोलत.

आठवड्यात उत्तर आलं. 'आमदार ही व्यक्ती आहे, प्राधिकरण नव्हे. सबब माहिती देता येत नाही.' लेटरहेड, गोल शिक्का, सही. मजकूर सोडला तर सगळं प्राधिकरणासारखं. उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख आणि जावक क्र. ५९८.

कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राला वहीत ओळीने नंबर पडतो. तो जावक क्रमांक. वर्षभर तो चढतच जातो. ऑगस्टमध्ये वही ५९८ वर असेल, तर जूनमध्ये ६१२ कुठून आला?

पीएंना फोन लावला. दोन्ही नंबर वाचून दाखवले.

"भाऊ, तो नंबर राखून ठेवला होता."

"दोन महिने आधी?"

"तुम्ही मजकूर वाचायचा ना. नंबर कोण वाचतं?"

दुसऱ्या दिवशी डेपोत पत्र पोहोचलं. तारीख जूनची, क्रमांक ५९९. डेपो मॅनेजरांनी तारखेकडे पाहिलं, पत्रावर त्या दिवसाचा आवक शिक्का मारला आणि पंधरवड्यात गाडी सुरू केली. पत्र जूनमध्ये आलं असतं तर जूनमध्येच सोडली असती, असं त्यांनी लताबाईंना सांगितलं. कोमल आता सहा-दहाच्या गाडीने घरी येते.

आमदारांना हा कायदा लागू व्हावा का? व्हावा. पत्र लिहिल्याचं श्रेय जो घेतो, त्याने पत्र दाखवावं. तोवर नकार मिळाला तर तो लेखी मागून घ्यावा. नकारालाही नंबर पडतो.