मातीची मजुरी

आमच्या मंदीचे किस्से इतके साचलेत की खाणीतून काढले तर डोंगर होईल!

बाहेर पुरातत्त्व शिकून परतताना मला वाटलं होतं, चंद्रपूरच्या जंगलात मी इतिहास वाचवणार. मिळाली एक खासगी कंपनी. कोळशाची खाण सुरू होण्याआधी जमिनीत जुनं काही आहे का ते खणायचं, नोंदवायचं आणि जागा मोकळी करून द्यायची! तरी मी पेटून काम करत होते. भद्रावतीपुढच्या एका गावाबाहेर आम्हाला मोठ्या दगडांचं वर्तुळ मिळालं होतं, दोन हजार वर्षांहून जुनं.

*

तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या आणि नागपूरहून कंपनीच्या सरांचा फोन आला. मी मजुरांना म्हटलं, "मंदी आली."

वच्छलाबाईंनी हातातलं घमेलं ठेवलं, रस्त्याकडे पाहिलं. "कोनाची मंदी जी? एकटीच आली का? चहा टाकू?"

*

पहिली गेली जीप. मग खापरांचं पोतं मी एसटीनं भद्रावतीला नेऊ लागले.

"काय आहे पोत्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"दोन हजार वर्षांपूर्वीची भांडी."

"मंग सीनियर सिटीझन होय म्याडम. हाफ तिकीट!"

*

मग ब्रश संपले. नवे येईनात. बंडूभाऊ, आमचे मुकादम, दुसऱ्या दिवशी दाढीचा ब्रश घेऊन हजर! "सासऱ्याचा आहे. मंदी जाएपर्यंत थे दाढी वाढवून राह्यले."

*

खाण लांबणीवर पडली. मी आनंदानं सरांना फोन केला, "सर, आपले दगड वाचले!"

"दगड वाचले. तुझा पगार कोण देत होतं? दगड?"

*

आणि मग वर्तुळाच्या मधोमध माणूस सापडला. कुशीवर झोपलेला सांगाडा, गुडघे पोटाशी. सासऱ्याच्या ब्रशनं आम्ही त्याचा चेहरा मोकळा केला.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन. "खाण रद्द. सगळ्यांना सोडतोय. ऑफिसात एकच जागा वाचवलीय, उद्या दुपारपर्यंत नागपूरला ये. नाहीतर ती दुसऱ्याला देतो."

"आणि हा माणूस, सर?"

"त्याच्यावर प्लास्टिक टाक आणि नीघ!"

मी मजुरांना सांगितलं, काम बंद, उद्यापासून मजुरी नाही. सगळे घरी गेले. मला झोप लागली नाही.

सकाळी बॅग घेऊन फाट्यावर उभी होते. सकाळची एसटी एकच. तेवढ्यात गावाकडून सगळेच येताना दिसले, फावडी-घमेली घेऊन. पुढे बंडूभाऊ.

"अहो भाऊ, काम बंद झालं ना! पैसे नाही मिळायचे."

"कामाले नाई आलो जी, मातीले आलो. मानूस असा उघडा टाकून जाते का कोनी?"

"अन् मातीची मजुरी कोन घेते, बाई?" वच्छलाबाई म्हणाल्या.

एसटी थांबली. तोच कंडक्टर! दारातून ओरडला, "चला म्याडम! आज सीनियर सिटीझन नाई का संगं?"

मी बॅग खाली ठेवली.

"आज त्यांची माती आहे," म्हटलं. "जाऊ द्या गाडी."