काडतुसांची न फोडलेली डबी

मोंटानातल्या त्या गावात खारी मारायला कुठलं काडतूस घ्यावं असा प्रश्न पडला की माणसं सरळ व्हर्लिन टटलकडे जात. शेतीसामानाच्या दुकानात, बंदुकांच्या काउंटरमागे त्याची तीस वर्षं गेली होती. तिथल्या जमिनीत बिळं करणाऱ्या खारी वसंतात कुरणं पोखरून ठेवत आणि बिळात पाय गेला की घोडा कामातून गेलाच. व्हर्लिनचं उत्तर ठरलेलं: "बावीस नंबरचं घे. माझ्या बापानं तेच वापरलं." नवं सतरा नंबरचं काडतूस त्याच्या लेखी पोरखेळ. "वारा शिंकला तरी त्याची गोळी भरकटते," म्हणायचा. माणूस चांगला, पण हेका सोडील तर शपथ.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या थिया नॉरगार्डनं त्याला खारी मारायला कुरणात बोलावलं, तेव्हा गेलेल्या नवऱ्याची सतराची रायफल आणि काडतुसांची डबी त्याच्या हातात ठेवली.

"हीच वापर हं. हिची गोळी जमिनीला लागली की तिथंच तिचा भुगा होतो. तुझी बावीस दगडावरून उसळते आणि माझा कुत्रा टिप कुठंही हुंदडत असतो."

"बरं बाई, तू म्हणशील तसं."

म्हणाला खरा. पण कुरणाच्या टोकाला गेल्यावर त्यानं ती रायफल ट्रकमध्येच ठेवली आणि आपली जुनी बावीस काढली. अकरावी खार चुकली. गोळी दगडावर आपटून चिंईं करत पुढं गेली, आणि ओढ्यापलीकडे टिप एकदाच केकाटला.

थियानं मेलेल्या कुत्र्याला मांडीवर घेतलं. रडून झाल्यावर तीच व्हर्लिनची समजूत घालू लागली. "तुझा काय दोष? तू तर सतराच वापरलीस." व्हर्लिननं तिला तसंच वाटू दिलं. तिनं त्याला कॉफी आणि आंबटसर रुबार्बच्या देठांचा केक दिला. तो त्यानं खाल्ला, याचीच त्याला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. रायफल त्यानं परत केली, डबी मात्र काउंटरच्या खणात लपवली. चार वर्षं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सतराच विकत राहिला. कुणी कारण विचारलं की विषय बदलायचा.

यंदा मे महिन्यात थिया स्वतःच दुकानात आली. पायाशी नवं पिल्लू होतं.

"बावीसची डबी दे. भावाची जुनी रायफल पडून आहे."

"सतरा ने, थिया."

"कशाला? टिपला तिनंच मारलं ना? उसळायची ती कुठलीही उसळते."

पिल्लू काउंटरची कड चावत होतं. गप्प बसलं तर मैत्री टिकणार होती. व्हर्लिननं खण उघडला आणि ती डबी तिच्यापुढं ठेवली. झाकणावरची कंपनीची पट्टीसुद्धा फाटलेली नव्हती.

थियानं त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"आणि मी तुला केक खायला घातला," ती म्हणाली.

"हो."

तिनं सतराची ती डबी उचलली, पिल्लाला काखेत घेतलं आणि ती गेली. गावात तिनं कुणाला काही सांगितलं नाही. व्हर्लिनला मात्र पुन्हा कधी बोलावलं नाही. तिच्या कुरणातून बार ऐकू आला की तो हातातलं काम थांबवून कान देतो. नुसता बार येतो, मागून चिंईं काही येत नाही.