तिला स्वतःला विचारलं का?

आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. आई बायकांच्या आरोग्याच्या चळवळीत होती. अंकलिपीआधी मी ती पत्रकंच वाचायला शिकले. ‘बाईच्या देहाबद्दलचा निर्णय बाईचाच!’ हे वाक्य मला पाठ होतं तेव्हा देह म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पुढे मीही पत्रकं लिहिली, पथनाट्यं केली. बाजारात भाजीच्या हातगाड्यांमध्ये उभं राहून ओरडण्याचा मला चांगला सराव होता. गप्प बसण्याचा मात्र अजिबात नव्हता, आणि मला काम मिळालं ते गप्प बसण्याचं.

एका वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी गरोदर बाईशी कसे बोलतात याची परीक्षा घेणार होते. त्यासाठी खोटी पेशंट हवी होती. महाविद्यालय धुळ्याचं की जळगावचं, ते मुद्दाम सांगत नाही. पुढे येणारा मुलगा कुणी ओळखून काढू नये. तर पोटाला उशी बांधायची, डोक्यावर पदर घ्यायचा आणि स्टुलावर बसायचं. समोर विद्यार्थी. आठ मिनिटांनी घंटा वाजली की तो बाहेर, दुसरा आत. प्रत्येक जण गेला की मी आणि कोपऱ्यात बसलेल्या प्राध्यापिका मॅडम, दोघींनी आपापल्या कागदावर मार्क द्यायचे.

माझ्या कागदावर सहा ओळी होत्या. त्यातली ‘पेशंटच्या भाषेत बोलला का?’ ही ओळ मी भांडून घालून घेतली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, “अहो, सगळ्यांना मराठी येतं.” मी म्हणाले, “मराठी येतं हो. शिरपूरकडच्या बाईशी तिच्या बोलीत बोलता येतं का?” त्यांनी ओळ घातली. ‘तिला स्वतःला विचारलं का?’ ही ओळ आधीपासूनच होती, आणि तिला सगळ्यात जास्त मार्क होते.

या परीक्षेत माझी सासू झाल्या होत्या अक्का. याच महाविद्यालयाच्या हॉस्पिटलात प्रसूतीच्या वॉर्डात आया म्हणून सारी नोकरी काढलेल्या, आता निवृत्त. अर्धं खान्देशी, अर्धं हॉस्पिटलचं मराठी बोलायच्या. खऱ्या आयुष्यातही दोन सुनांच्या सासू. त्यामुळे त्यांना काही शिकवावं लागलं नाही.

आमची गोष्ट अशी ठरलेली: सून सात महिन्यांची गरोदर, पहिलटकरीण. तपासणीत रक्तदाब वाढलेला. दोन दिवसांपासून तिचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. हे तिनं घरी सांगितलेलं नाही. डॉक्टरनं तिला विचारलं तरच ती सांगणार. सासूला विचारलं तर सासू म्हणणार, काही त्रास नाही.

सकाळी पहिल्या काही जणांनी माझं रक्त तापवलं. एक जण माझ्याकडे न बघता म्हणाला, “हायपरटेन्शन आहे, ॲडमिट व्हा, नेक्स्ट.” नेक्स्ट म्हणायला मागे कुणी नव्हतंच. मी मार्क कापत गेले आणि मनात पुढचं पत्रक लिहीत गेले.

मग तो आला. साधा शर्ट, इन केलेला, चपलेचा आवाज होऊ नये म्हणून जपून टाकलेली पावलं. त्यानं आधी अक्कांना वाकून नमस्कार केला. खोट्या सासूला! मग म्हणाला, “अक्का, कोन्तं गाव तुमनं?” अक्का अशा खुलल्या की भूमिका विसरून खरं गाव सांगून बसल्या. तो बोलत होता आणि मला वाटत होतं, हाच तो. याच्यासाठी मी भांडले. आजारी बाईला तिच्या बोलीत धीर देणारा डॉक्टर याच मातीतून यायला हवा होता, तो आला.

“डोकं दुखस का तिनं?” त्यानं विचारलं.

“काही नही,” अक्का म्हणाल्या. “तिले काय व्हस? खाई-पी ऱ्हायनी.”

“जेवण?”

“बठ्ठं बराबर शे.” म्हणजे सगळं ठीक.

त्यानं रक्तदाब समजावला, मीठ समजावलं, भरती व्हायला हवं हेही समजावलं. सगळं अक्कांना. फार सुंदर समजावलं. मी पदराआडून त्याच्याकडे बघत होते. त्याची नजर एकदाही माझ्याकडे वळली नाही. घंटा वाजली. तो उठला, अक्कांना पुन्हा नमस्कार करून गेला. माझं डोकं ठणकतच राहिलं.

“पोऱ्या गुणाचा शे,” अक्का म्हणाल्या. “दी टाक मार्क.”

मी माझ्या लाडक्या ओळीला पूर्ण मार्क दिले. मग त्या दुसऱ्या ओळीशी आले आणि पेन थांबलं. त्यानं मला काही विचारलं होतं का? नाही. एक शब्द नाही. मी शून्य लिहिलं.

दुपारी मॅडमनी बोलावलं. त्यांनी बेरीज केली होती. माझ्या शून्यानं तो नापास होत होता. इथं नापास झालेल्याला वर्षाच्या परीक्षेला बसू देत नाहीत. फेरपरीक्षा एकदाच, तिथंही नापास झाला तर वर्ष गेलं.

“सकाळपासूनचा सगळ्यात चांगला मुलगा आहे,” त्या म्हणाल्या. “सासूचा विश्वास मिळवला की सून आपोआप येते. निम्मे तरी द्या.”

“सून आली नाही, मॅडम. सून तिथंच बसली होती.”

“तुम्ही डॉक्टर नाही.”

“म्हणूनच मला त्या स्टुलावर बसवलंत ना?”

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. खरं तर मला मार्क द्यायचे होते. त्या ‘नेक्स्ट’वाल्याला शून्य देताना हात हलका होता. पत्रकात समोरचा नेहमी दूरचा असतो. हा माझ्या बाजूचा होता. पण मी आज निम्मे दिले, तर त्या ओळीला अर्थ काय उरतो? चांगल्या मुलांसाठी वेगळी बाई असते का? मी शून्य तसंच ठेवलं आणि शेजारी सही केली.

संध्याकाळी, निकाल कळल्यावर, फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यानं मला गाठलं. अक्का माझ्याबरोबर होत्या.

“ताई, माझं काय चुकलं?” आवाजात राग होता, पण तो दाबून धरलेला.

“तुम्ही मला विचारलंच नाही.”

“सासूसमोर सुनेशी डायरेक्ट बोलू? आमच्यात असं करत नाहीत. मी माझ्या सख्ख्या वहिनीशी आईसमोर मान वर करून बोलत नाही. हा मान आहे ताई, तुम्हाला वाटतो तसा अपमान नाही.”

“मान दिलात. डोकं कुणाचं दुखत होतं?”

तो चमकला. “डोकं दुखत होतं?”

“दोन दिवस. आणि डोळ्यांपुढे काजवे.”

काजवे म्हणजे झटके येण्याची खूण, हे मला सांगावं लागलं नाही. त्याचा चेहराच उतरला. तेवढ्यात अक्का बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, “माझी मोठी सून. आठवा महिना. डॉक्टर मला विचारी, मी सांगे, काही नही. वॉर्डात काम करणारी बाई मी! घरी झटके आले तिला. वाचली. पोर नाही वाचलं.” त्यांनी चहा संपवला. “मला काय माहीत तिचं डोकं दुखतं? मला कुणी सांगितलं? तिला कुणी विचारलं?”

सकाळी त्याला पास करा म्हणणाऱ्या त्याच अक्का. चहाचे पैसे त्यानं देऊ केले, अक्कांनी त्याला हातानंच मागे सारलं.

फेरपरीक्षेला मॅडमनी गोष्ट बदलली: आठवा महिना, आणि कालपासून बाळाची हालचाल कमी. मी म्हणाले, पुन्हा मीच बसणार. अक्का म्हणाल्या, मग मीही. आणि त्या दिवशी त्या अशा काही सासू झाल्या की मलाच धडकी भरली.

त्यानं आधी त्यांनाच नमस्कार केला. त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग आपलं स्टूल थोडं माझ्याकडे वळवून म्हणाला, “अक्का, तुमनं बठ्ठं आयकं. आते मी वहिनीले इचारस.”

“तिले काय समजस?” अक्का कडाडल्या. “माले इचारा!”

“पोट वहिनीनं शे, अक्का.” मग मला: “वहिनी, बाळ फिरतंय का पहिल्यासारखं?”

मी ठरल्याप्रमाणे गप्प. अक्कांनी घसा खाकरला, बांगड्या वाजवल्या. त्याच्या कपाळावर घाम आला. पण तो अक्कांकडे वळला नाही, आणि दुसरा प्रश्नही घाईनं टाकला नाही. थांबला. मग तेच पुन्हा, हळू आवाजात विचारलं.

“कालपासून नाही,” मी म्हणाले.

त्यानं केव्हापासून, कितीदा, सगळं मलाच विचारलं. मग पटकन उठून म्हणाला, “अक्का, हिला आत्ताच्या आत्ता सोनोग्राफीला घेऊन चला.”

घंटा वाजली. त्या ओळीला मी मार्क दिले. तो पास झाला. मॅडमनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, एक मार्क कुठं कापलात?

“शेवटी,” मी म्हणाले. “सोनोग्राफीला चला, हे त्यानं अक्कांना सांगितलं. चालायचं मला होतं.”