गव्हर्नर गप्प राहिले तेव्हा

पडद्यावर अमेरिकेतल्या एका राज्याचे गव्हर्नर माईक धरून उभे होते आणि काहीच बोलत नव्हते. माझ्यासमोर बसलेल्या लोकांच्या हातात एकेक डायल होती, तीही कुणी फिरवत नव्हतं. मला वाटलं मशीन बंद पडलं. मी वाकून केबल तपासली. केबल ठीक होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी ब्रिस्टलच्या एका छोट्या मार्केट रिसर्च कंपनीत मॉडरेटर होते. मॉडरेटरचं काम म्हणजे आठ-दहा अनोळखी माणसांना एका खोलीत बसवायचं, चहा-सँडविच द्यायचं आणि बोलतं करायचं. एरवी आमचे विषय बिस्किटं, साबण, फार तर घरकर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायटीची जाहिरात. त्या हिवाळ्यात मात्र आमचा बॉस जेफ्री वेगळंच काम घेऊन आला. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक येत होती. तिथे प्रत्येक पक्षातले इच्छुक आधी आपसात लढतात आणि पक्षाचा उमेदवार कोण, हे एकेका राज्यातले साधे मतदार मत देऊन ठरवतात. त्याला प्रायमरी म्हणतात. रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत उतरलेल्या एका गव्हर्नरांचा प्रचार-सल्लागार, डॉन, आमचा क्लायंट होता.

नागपूरला फोनवर हे सांगितलं तेव्हा बाबांना भलताच आनंद झाला. आमच्या घरी रिपब्लिकन म्हणजे निळा झेंडा. हा पक्ष तो नव्हे, हे समजावण्यात निम्मा फोन संपला.

अमेरिकेतल्या मतदारांची पाहणी इंग्लंडमध्ये का, हा प्रश्न मलाही पडला होता. डॉनने तो सोडवून सांगितला. अमेरिकेत टीव्ही लावला की उमेदवारांच्या जाहिरातींचा मारा सुरू असायचा. तिथल्या माणसाचं मत त्याचं स्वतःचं किती आणि जाहिरातीचं किती, हे वेगळं काढता येत नव्हतं. इथे ब्रिस्टलपासून दोनेक तासांवर अमेरिकन हवाई दलाचा एक तळ होता. तिथली कुटुंबं पोस्टाने मत द्यायची, आणि या जाहिराती त्यांनी पाहिलेल्याच नव्हत्या. गणवेशातल्या लोकांना बोलवायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून आम्ही त्यांच्या बायका आणि निवृत्त होऊन इथेच राहिलेले लोक बोलावले.

मला अमेरिकन राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, असं मी डॉनला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच तू हवीस. अमेरिकन मॉडरेटरसमोर लोक वाद घालतात. तुला ते समजावून सांगतील."

तळाजवळच्या हॉटेलात आम्ही खोली घेतली. प्रत्येकाला मशीनला जोडलेली डायल दिली. ऐकलेलं आवडलं तर उजवीकडे फिरवायची, नाही आवडलं तर डावीकडे. पलीकडच्या खोलीत डॉन आणि जेफ्री मॉनिटर बघत बसायचे. तिथे प्रत्येक गटाची एक रंगीत रेषा वरखाली व्हायची. चर्चला नियमाने जाणाऱ्या तरुण बायकांची एक, पेन्शनवाल्यांची एक, कॉलेज शिकलेल्यांची एक. कोणता उमेदवार कोणाला भावतो, ते या रेषांवरून कळतं. माझ्याजवळही एक छोटा मॉनिटर होता, लोकांना दिसणार नाही असा.

पहिल्या अर्ध्या तासातच मला त्या खोलीतली दोन टोकं कळली. एका टोकाला रूथ. सत्तरीच्या, सार्जंट नवऱ्यामागे देशोदेशी फिरलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर इथेच राहिलेल्या. दुसऱ्या टोकाला डॅनिएल, पंचविशीची, गळ्यात क्रॉस, नवरा तळावर मेकॅनिक. गव्हर्नर टॅक्सबद्दल बोलले की रूथबाईंची डायल उजवीकडे जायची आणि डॅनिएल जांभई द्यायची. ते कुटुंब आणि प्रार्थनेबद्दल बोलले की डॅनिएल खुलायची आणि रूथबाई छताकडे बघायच्या. एकदा तर रूथबाईंनी मला समजावलं की देवाला मत नसतं, तेव्हा त्याचं नाव प्रचारात घेऊ नये. डॅनिएल त्यानंतर त्यांच्याकडे पाठ करून बसली.

मॉनिटरवर रेषा कात्रीसारख्या उघडायच्या. एक वर गेली की दुसरी खाली. डॉनच्या अंदाजाप्रमाणेच चाललं होतं. मधल्या चहाला तो म्हणाला की हे सगळ्याच उमेदवारांचं दुखणं आहे. एका गटाला खूश केलं की दुसरा हातचा जातो.

शेवटी एक टेप राहिली होती. ती जाहिरात नव्हती. गव्हर्नरांच्या एका सभेचं साधं चित्रण होतं. विरोधकांनी त्यातला एक तुकडा कापून 'या माणसाकडे उत्तर नाही' अशी जाहिरात केली होती. नुकसान किती झालंय ते डॉनला मोजायचं होतं. म्हणून त्याने आम्हाला पूर्ण चित्रण लावायला सांगितलं.

टेपमध्ये सभेतला एक माणूस उठला. जाड कोट, हातात टोपी. त्याने सांगितलं की त्याचा मुलगा लष्करात होता आणि सरावाच्या वेळी हेलिकॉप्टर पडून गेला. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता. मग त्याने विचारलं, "माझा मुलगा कशासाठी गेला?"

गव्हर्नरांनी माईक तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला. ते त्या माणसाकडे बघत राहिले. याच जागी मला मशीन बंद पडल्यासारखं वाटलं होतं. टीव्हीवर इतका वेळ कुणी गप्प राहत नाही. सभेतलं खोकणंसुद्धा थांबलं. मग ते म्हणाले, "मला माहीत नाही. मी आत्ता जे काही सांगेन ते खोटं असेल." आणि स्टेजवरून उतरून त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. टेप संपली.

मी मॉनिटरकडे पाहिलं. रेषा हलल्या होत्या. अगदी सावकाश, पण सगळ्या वर चालल्या होत्या. टॅक्सवाल्यांची, चर्चवाल्यांची, शिकलेल्यांची, न शिकलेल्यांची. वर जाता जाता त्या एकमेकींत इतक्या मिसळल्या की कोणती कोणाची ते ओळखू येईना. इतकी वर्षं मी माणसं गटांत बसवून त्यांची मतं मोजत होते. गट असे डोळ्यांदेखत नाहीसे होताना मी कधीच पाहिले नव्हते.

डॅनिएल रडत होती. मी नेहमीप्रमाणे विचारलं की काय वाटलं. मग रूथबाई म्हणाल्या, "माझा नवरा गेला तेव्हा आमच्या घरी तळावरची माणसं आली होती, बातमी सांगायला. सगळे काहीतरी बोलत होते. एकजण जरी गप्प बसला असता तरी बरं वाटलं असतं." डॅनिएलने खुर्ची वळवली आणि त्यांचा हात हातात घेतला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मॉडरेटरने असं करायचं नसतं.

पलीकडच्या खोलीत डॉन उभा होता. मी आत गेले तसा तो हळूच म्हणाला, "मी असं कधी पाहिलेलं नाही."

त्याने लगेच हिशेब मांडला. ही टेपच जाहिरात करायची. फक्त टीव्हीच्या मापात बसवायला शांतता कापायची. जेफ्रीलाही ते पटलं. मला पटलं नाही. मी म्हटलं, लोकांनी उत्तराला दाद दिली नव्हती, शांततेला दिली होती. ती कापली तर उरतं काय? जेफ्री माझ्याकडे रागाने बघू लागला. इतका मोठा क्लायंट आम्हाला पहिल्यांदाच मिळाला होता.

डॉनने मात्र वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी नवा गट होता. त्याने कापलेली टेप तयार करवली आणि मला तीच दाखवायला लावली. रेषा थोड्या वर गेल्या, मग पुन्हा कात्री उघडली. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले की हा माणूस नाटक छान करतो. त्याच लोकांना मी नंतर पूर्ण टेप दाखवली. तेच गृहस्थ चष्मा काढून पुसत बसले. डॉनने कान पकडले आणि पूर्ण टेप चालवायचं ठरवलं, लागेल तेवढी टीव्हीची वेळ विकत घेऊन.

परवानगीसाठी त्याने हॉटेलमधूनच गव्हर्नरांना फोन लावला. जेफ्री आणि मी शेजारीच होतो. डॉन उत्साहाने रेषांचं वर्णन करत होता. मग तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, याने तुम्ही पुढच्या राज्यातली प्रायमरी जिंकू शकता." आणि पुन्हा ऐकत राहिला.

फोन ठेवल्यावर त्याने सांगितलं की गव्हर्नर नाही म्हणाले. तो प्रश्न त्या बापाने त्यांना विचारला होता, देशाला नाही. त्याच्या मुलाच्या मरणावर त्यांना मतं मागायची नव्हती. विरोधक तो तुकडा दाखवतात तर दाखवू देत.

जेफ्री म्हणाला, "वेडा आहे हा माणूस." डॉन खिडकीशी जाऊन बाहेरच्या कार पार्ककडे बघत उभा राहिला. मी त्या गव्हर्नरांना कधी भेटले नाही, त्यांची मतंही मला फारशी पटत नव्हती. पण टेपमध्ये दिसलेला माणूस कॅमेऱ्यामागेही तसाच होता. जाहिरातींच्या धंद्यात मी हे पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्या टेपऐवजी टॅक्सवाली जाहिरात चालवली गेली. गव्हर्नर त्या राज्यात हरले आणि काही दिवसांनी शर्यतीतून बाहेर पडले. डॉनने आमचं बिल वेळेवर चुकतं केलं आणि दुसऱ्या उमेदवाराकडे गेला. ती पूर्ण टेप चालली असती तर ते जिंकले असते का, हे मला माहीत नाही. तसं कुणी विचारलं की मी तेवढंच सांगते.

आमच्या कामात अहवाल बरोबर होता हे सिद्ध व्हायला तो आधी कुणीतरी वापरावा लागतो. 'पूर्ण टेप दाखवा' हा माझा सर्वांत चांगला अहवाल कुणी वापरला नाही, आणि न वापरण्याचं कारण त्या अहवालापेक्षा चांगलं होतं. पुढच्या सोमवारी आम्ही परत बिस्किटांवर आलो.