चंपीचं “न्हाय” आणि माझे मुके सोमवार

लाख वातींचा माझा नेम चालू आहे. दुपारी शहापुरातल्या शेजारणी वाती वळायला येतात आणि कापूस हातात घेण्याआधीच विचारतात, “चंपी आज काय म्हणाली?” वाती लाख कधी होतील देव जाणे, किस्से आधी होतील!

चंपी माझी लेक, चार वर्षांची. तोंडात एकच शब्द, “न्हाय!” श्रावणाच्या तोंडावर सासूबाईंनी सांगून टाकलं, “महिनाभरात ऐकायला लागली तर बरं, न्हायतर बेळगुंदीला आक्काकडं ठेवायची. ती लावील वळण.” आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. मी तडक देवघर गाठलं. महादेवाला म्हटलं, श्रावणी सोमवारी मुक्यानं जेवीन, पण पोर माझ्याजवळ राहू दे. घास चालू असताना शब्द निघाला, की नेम मोडला!

*

शेजारच्या विणकर अण्णांनी बजावलं, “मागाला हात लावायचा न्हाय हं!”

तिनं पाय लावला.

अण्णा म्हणाले, “वहिनी, पोरगी शब्दाला लई पक्की हाय!”

*

घसा धरला म्हणून डॉक्टरांकडे नेली. “जीभ दाखव.” “न्हाय!” पेपरमिंट झालं, दटावणं झालं. शेवटी निघालो, तर दारातून वळून डॉक्टरांना हातभर जीभ दाखवली!

डॉक्टर म्हणाले, “जीभ स्वच्छ आहे. पुढचा पेशंट!”

*

आमच्या घरचे शाळेत मास्तर. एकदा परकर घेऊन तिच्यामागे घरभर पळाले. मी म्हटलं, “शाळेत चाळीस पोरं तुम्हाला भितात ना?”

धापा टाकत म्हणाले, “ती चाळीसच आहेत गं!”

*

“देवाला नमस्कार कर.”

“न्हाय. आधी त्यानं करावा.”

मी घाईघाईनं तिच्या वाटणीचाही नमस्कार केला. देव हसलाच असेल.

*

श्रावणातला शेवटचा सोमवार. मी पहिला घास घेतला आणि आक्का बैलगाडी घेऊन दारात हजर!

“चंपे, चल, गाडीत बस.”

“न्हाय!”

“बघ गं आई, कशी बोलते! वहिनी, तू तरी सांग तिला.”

मी काय सांगणार? तोंडात घास, नेम चालू; डोळे भरून आले. चंपीनं माझ्याकडे पाहिलं. पाट ओढला, मांडी घातली आणि कधी तोंडाला न लावलेली कारल्याची भाजी माझ्या पानातून गुमान खाऊ लागली.

आक्कांनी हाक मारली. सासूबाईंनी मारली. चंपी गप्प! खाऊन झालं, हात धुतले, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आत्या, सोमवारी जेवताना बोलत न्हाईत. तुला कुणी वळण लावलं न्हाय व्हय?”

सासूबाई उठल्या, दारापाशी गेल्या आणि गाडीवानाला म्हणाल्या, “बैलं सोड रं. चंपी जायची न्हाय.”