विहिरीवरचा ड्रॅगन

आसिफ वारल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरात नळाखाली बादली लावली होती. पाण्याच्या आवाजानं हॉस्टेलमधली एक दुपार आठवली. उदगीरचा हा दोस्त आम्हाला फासे टाकून कल्पनेतल्या राज्याचा खेळ खेळवायचा. त्याचे बर्फाचे डोंगर, सोन्यावर बसलेला ड्रॅगन ऐकून आम्ही जांभया देत होतो.

मग तो म्हणाला, "बरं, सोन्यावर न्हाई. ड्रॅगन गावच्या विहिरीवर बसून राहिलाय."

सगळे सरसावून बसले. फासा चांगला पडला, ड्रॅगनला झोप लागली, आणि आम्ही तलवारी टाकून घागरी भरायला धावलो.

"अरे, आधी मारा की त्याला!" आसिफ हसून हसून लोळला.

"आधी पाणी!" आम्ही ओरडलो.

बादली कधीचीच भरून वाहत होती. मी नुसता बघत उभा होतो.